झेंडा देशाचा, भाषेचा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेबसाइटवर भाषा बदलायला कोपऱ्यात छोटे छोटे झेंडे देतात ना, त्याबद्दल लिहितोय. बरेच दिवस मनात होतं, पण मधे कामात एक गोष्ट घडली आणि मग राहवलं नाही.

मी भाषांतराची कामं करतो. एका साइटचं मराठी करून दिलं आणि ती सुरू झाल्यावर बघतो तर मराठीपुढे भलताच झेंडा, हिरवा, मधे पिवळी चंद्रकोर आणि चांदणी, वर-खाली लाल पट्टे. शोधल्यावर कळलं की हा मॉरिटानियाचा. झालं असं की कॉम्प्युटरला भाषा किंवा देश ओळखायला दोन अक्षरांचा कोड असतो, मराठीचा भाषेचा कोड ‘एमआर’ आणि मॉरिटानियाचा देशाचा कोडही ‘एमआर’, आणि प्रोग्रॅमने भाषेचा कोड घेऊन सरळ त्या देशाचा झेंडा उचलला. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची भाषांच्या कोडची यादी वेगळी (आयएसओ ६३९) आणि देशांची वेगळी (आयएसओ ३१६६), दोन्हीत अक्षरं तीच पण अर्थाचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग मी बसून बाकीच्या भाषाही तपासल्या. याच हिशेबाने कन्नडला सेंट किट्स अँड नेव्हिसचा झेंडा लागेल, मल्याळमला मालीचा, गुजरातीला ग्वामचा, पंजाबीला पनामाचा, बंगालीला ब्रुनेईचा आणि संस्कृतला सौदी अरेबियाचा!

साइटवाल्यांना कळवलं तर ते म्हणाले, सॉरी, तिरंगा लावतो. पण तिरंगा आधीच हिंदीपुढे होता. आणि खरा प्रॉब्लेम इथेच आहे, कारण कोड दुरुस्त केला तरी तो सुटत नाही. आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, तिरंगा त्या सगळ्यांचा आहे, मग तो एकीलाच कसा देणार, आणि सगळ्यांना दिला तर वाचणाऱ्याने ओळखायचं काय? उर्दू त्याच २२ मधली, पण साइटवर तिच्यापुढे पाकिस्तानचा झेंडा असतो. बंगालीपुढे बांगलादेशचा. इथेच जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या माणसाला स्वतःची भाषा वाचायला दुसऱ्या देशाच्या झेंड्यावर क्लिक करावं लागतं, हे मला अजिबात पटत नाही.

बाहेरही तेच. स्पॅनिश बोलणारे सगळ्यात जास्त लोक मेक्सिकोत आहेत पण झेंडा स्पेनचा. पोर्तुगीजचं तर बघा, ब्राझीलची लोकसंख्या २० कोटींच्या वर, पोर्तुगालची साधारण १ कोटी. अरबी एवढ्या देशांची भाषा, त्यातला कुठला निवडणार? आणि उलट बाजूने स्वित्झर्लंड, एक झेंडा आणि राष्ट्रीय भाषा चार.

शिवाय साध्या वापरातल्या अडचणी आहेत. इतक्या लहान आकारात रोमानिया आणि चाडचा झेंडा वेगळा ओळखून दाखवा. झेंड्याचा इमोजी टाकला तर विंडोजवर बऱ्याच ठिकाणी झेंडा न दिसता नुसती दोन अक्षरं दिसतात. आणि ज्यांना दिसत नाही, जे स्क्रीन रीडरवर ऐकून साइट वापरतात, त्यांना तिथे देशाचं नाव ऐकू येतं, भाषेचं येतच नाही.

लोक म्हणतात चित्र पटकन कळतं, अनोळखी लिपीत अडकलेल्या माणसाला झेंडा बघून वाट सापडते. अडकलेल्या माणसाची काळजी मलाही आहे, पण त्याला त्याहून पटकन काय कळतं तर स्वतःच्या लिपीतलं स्वतःच्या भाषेचं नाव. भोवती सगळं जपानी असू दे, मधे ‘मराठी’ दिसलं की नजर तिथेच जाणार. विकिपीडिया हेच करतो, प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत, झेंडा नाही. फक्त ते नाव इंग्रजी अक्षरांत लिहू नका, आणि यादी कुठे आहे हे कळायला वर पृथ्वीचं छोटं चित्र द्या.

माझा झेंड्यांना विरोध नाही. माल कुठल्या देशात पाठवायचा, कुठल्या चलनात पैसे घ्यायचे, मॅच कोणाची आहे, तिथे झेंडा लावाच, कारण तिथे विचारलेलं असतं देशाबद्दल. पण देश आणि भाषा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एखाद्याला जर्मनीत राहून मराठीत वाचायचं असेल तर त्याला दोन्ही वेगवेगळे निवडता आले पाहिजेत.

त्या साइटवाल्यांना मी हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. त्यांनी आता मराठी, हिंदी, उर्दू, बंगालीपुढचे झेंडे काढलेत, नुसती नावं ठेवलीत, आपापल्या लिपीत. इंग्रजीपुढे ब्रिटनचा आणि स्पॅनिशपुढे स्पेनचा अजून आहे, त्यासाठी काल परत मेल केलाय.

आपला,
एक वाचक