शनिवारच्या चित्रपटाची वेळ बदलली आहे

नमस्कार मंडळी,

शनिवारी 'हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान' (२००४) सहाऐवजी साडेपाचला सुरू होईल. चित्रपट १४२ मिनिटांचा आहे आणि हॉल साडेआठला रिकामा करून द्यायचाय. मागच्या खेपेला वॉचमनकाका शेवटची वीस मिनिटं किल्ल्या वाजवत दारात उभे होते, ते पुन्हा नको.

पहिले दोन भाग दिग्दर्शक ख्रिस कोलंबसचे, हा तिसरा अल्फॉन्सो क्वारोनचा. फरक लगेच जाणवतो (माझ्या मते मालिकेतला हाच सर्वांत देखणा). आगगाडीचा प्रसंग नीट बघा : खिडकीच्या काचेवर बर्फ चढतो, बाटलीतलं पाणी गोठतं आणि मग डब्याच्या दाराशी ती काळी आकृती. चिल्ल्यापिल्ल्यांना आणणार असाल तर याची कल्पना आधीच देऊन ठेवा. डम्बलडोर (हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक) वेगळे दिसले तर गोंधळू नका. रिचर्ड हॅरिस २००२ मध्ये गेले, त्यामुळे इथून पुढे मायकल गॅम्बन.

खुर्च्या बाराच आहेत, बाकी सतरंज्या. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका. चहा मध्यंतरात. कप घरून आणा.