रायगडाची राजसभा चालत दाखवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

आभार मी गडावरच मानले होते, पण उतरायची घाई होती आणि दोन शब्दांत ते उरकले गेले. त्यानंतर माझ्या वर्गात जे झालं ते तुमच्यामुळे झालं. ते तुम्हाला कळावं आणि गडावर जाणाऱ्या चार माणसांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

राजसभेत शिरलेला माणूस सरळ मेघडंबरीकडे, म्हणजे सिंहासनाच्या जागेवरच्या छत्रीकडे जातो, हात जोडतो, फोटो काढतो आणि वळतो. त्यात गैर काहीच नाही. पण तुम्ही आम्हाला नगारखान्याच्या दारातच थांबवलंत. "इंग्रजांचा वकील आला तेव्हा त्याला इथून जे दिसलं, ते आधी बघा," म्हणालात. आणि मग एकेक पाऊल पुढे नेत सगळी सभा उलगडून दाखवलीत.

२२० फूट लांब, १२४ फूट रुंद हे आकडे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. पण त्या लांबीचा उपयोग काय, हे तिथे उभं राहिल्यावर उमगलं. दारातून सिंहासनावरचा माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना मानकरी अदबीने उभे, मधली वाट मोकळी, आणि पाहुण्याने सगळ्यांच्या नजरा झेलत ती चालायची. राजाजवळ किती येऊ द्यायचं हे राजाने ठरवायचं. वास्तू आणि दरबारी रिवाज एकमेकांसाठीच घडवलेले आहेत, हे तुमच्या त्या दहा-बारा वाक्यांत मला कळलं.

त्या इंग्रज वकिलाची, हेन्री ऑक्झिंडेनची टिपणं तुम्हाला तोंडपाठ आहेत, याचं मला फार अप्रूप वाटलं. तो मे महिन्यात आला तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून त्याला गडाच्या पायथ्याशी पाचाडला मुक्काम करावा लागला. मग राज्याभिषेकाचा दिवस: ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. सकाळी सात-आठच्या सुमाराला तो दरबारात आला. सिंहासन पूर्वेला तोंड करून, म्हणजे त्या वेळी उन्हं समोरून. इंग्रजांनी लांबूनच मुजरा केला. त्यांचा दुभाष्या नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांनी ती पाहिली आणि त्यांना पार सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत बोलावलं. पोशाख दिले आणि निरोप दिला. भेट संपली. तुम्ही हे सांगताना आम्हाला बरोबर त्या त्या जागी उभं करत होतात: लांबचा मुजरा इथे, अंगठी इथे, पोशाख इथे. संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण सिंहासनाखालच्या पायरीवर बसलेले, बाकी सगळे उभे, हे ऑक्झिंडेनने नोंदवलं आहे. कोण बसतं आणि कोण उभं राहतं, यातच राज्याची अख्खी उतरंड होती.

निघता निघता त्याने जे टिपलं, त्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हं. उजवीकडे मोठाल्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर समतोल सोन्याचा तराजू, न्यायाची खूण. मासा म्हणजे माही-मरातिब, मुघल दरबारातला मोठा मान. ही मुसलमानी रीत आहे, असं खुद्द ऑक्झिंडेनही लिहितो. आता याच दिवशीचा अभिषेक आठवायचा: काशीचे गागाभट्ट, आठ दिशांना प्रधान, बखरीतल्या वर्णनाप्रमाणे पूर्वेला मोरोपंत तुपाचा सुवर्णकलश घेऊन, दक्षिणेला हंबीरराव मोहिते दुधाचा रौप्यकलश घेऊन. अभिषेक वैदिक, आणि दरबारातली चिन्हं मात्र हिंदुस्थानातल्या कुठल्याही दरबाराला न सांगता कळणारी. मला यात महाराजांचं राजकारण दिसतं. शास्त्राने राजा झाल्याची ग्वाही प्रजेला आणि पंडितांना हवी होती. विजापूर, गोवळकोंडा, दिल्ली आणि मुंबईचे इंग्रज यांना ती त्यांना कळेल अशा खुणांनी द्यायची होती. एकाच सकाळी, एकाच सभेत दोन्ही साधलं. हे पाठ्यपुस्तकात नाही, मामा. हे तुमच्यामुळे मला सुचलं.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार. तुम्ही जुनं आणि नवं वेगळं करून दाखवलंत. मेघडंबरी १९८५ची, हे स्पष्ट सांगितलंत. बत्तीस मण सोन्याचं सिंहासन सभासद बखरीत आहे, असं म्हणालात आणि तिथेच थांबलात. पुढे मीठमसाला नाही. जोत्यांपाशी नेऊन वरचं सगळं काम लाकडी का होतं आणि मे १८१८मध्ये इंग्रजी तोफांच्या माऱ्यात लागलेल्या आगीनंतर दगडच का उरले, ते दाखवलंत. चित्रांतून आपण त्या सभेला हव्या तितक्या कमानी आणि झुंबरं चिकटवतो. उरलेल्या दगडांवर विश्वास ठेवून बोलणारा माणूस मला तुमच्यात भेटला.

आवाजाचा प्रयोग तर मुलं विसरणार नाहीत. आमच्यातल्या एका मुलीला तुम्ही नगारखान्याच्या दारात ठेवलंत आणि स्वतः सिंहासनाच्या जागेपाशी जाऊन वहीचं पान हळूच टरकावलंत. तिने हात वर केला. छप्पर नाही, वारा सुटलेला, तरी ऐकू आलं.

शाळेत परतल्यावर आम्ही मैदानावर चुन्याने राजसभा आखली. मैदान अपुरं पडलं, म्हणून निम्म्या मापाने, ११० बाय ६२ फूट. एक मुलगा ऑक्झिंडेन, एक नारायण शेणवी, अंगठीच्या जागी बाटलीचं झाकण. गंमत म्हणजे कुणालाच महाराज व्हायचं नव्हतं, सगळ्यांना ती लांब वाट चालायची होती. शेवटच्या रांगेतला, एरवी तासाला तोंड न उघडणारा एक जण म्हणाला, "बाई, लांबून मुजरा करताना महाराज रागावलेत की हसतायत ते दिसत नाही, म्हणून भीती वाटते." दरबारी रिवाजावर इतकं नेमकं वाक्य मी मोठ्या माणसांच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

मुलांचा एक प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. परतताना दाराशी ऑक्झिंडेनला दोन्ही बाजूंना लहान हत्ती आणि सोन्याच्या साजाचे दोन घोडे दिसले. एवढ्या अवघड वाटेने ते वर कसे आणले, याचं त्यालाही नवल वाटलं. मुलांना उत्तर हवं आहे आणि मी माझं सांगणार नाही.

पावसाळा सरला, वाट सुकली की पन्नास मुलांना घेऊन येते आहे. लांब टेप आणते. नगारखान्याच्या उंबऱ्यापासून चौथऱ्याच्या पहिल्या दगडापर्यंतचं अंतर मुलांना स्वतः मोजायचं आहे. एक टोक तुम्ही धरा.

तुमची ऋणी,
इतिहासाची एक शिक्षिका