मिश्री म्हणजेही तंबाखूच

महोदय,

२७ जुलैच्या अंकातला डोके व मानेच्या कर्करोगावरचा लेख वाचला. त्यात सिगारेट आहे, दारू आहे, एचपीव्ही विषाणूवर तर दोन परिच्छेद आहेत. मिश्री हा शब्द मात्र एकदाही नाही. अमेरिका-युरोपात टॉन्सिलचे आणि जिभेच्या मुळाचे कर्करोग या विषाणूमुळे वाढले, हे खरे. पण आपल्याकडे कितीतरी रुग्णांची गाठ गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत असते, जिथे तंबाखू धरून ठेवलेली असते. मराठी वर्तमानपत्राने आधी ते सांगायला हवे होते.

माझ्या आईने चाळीस वर्षे मिश्री लावली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून चाळायची, डबीत भरायची. दात घासायला म्हणून सुरू झाले, मग जेवण झाले की, भांडी आवरली की. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायका लावायच्या. हिरडीवर व्रण झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "तंबाखू खाता का?" आई म्हणाली, "नाही." ती खोटे बोलली नव्हती. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे गडीमाणसे चुना लावून खातात ती. मिश्री दातांसाठी असते. केसपेपरवर 'व्यसन नाही' असे लिहिले गेले. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला जेल मिळाले. व्रणाभोवती बोटाने चाचपून कुणी पाहिले नाही. मी शेजारीच उभी होते, मलाही मिश्रीचे सांगायचे सुचले नाही. चार महिने असेच गेले आणि गाठ जबड्याच्या हाडात उतरली.

अर्धा जबडा काढला, तीस वेळा रेडिएशन झाले, नाकातल्या नळीतून पेज. घरी आल्यावरही पहाटे सवयीने तिचे बोट त्या बाजूला जायचे. तिथे हिरडीच नव्हती. दीड वर्षात ती गेली.

म्हणून विनंती आहे. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, ही लक्षणे तुम्ही लेखाच्या शेवटच्या ओळीत कोंबली आहेत. ती ठळक चौकटीत छापा. आणि दवाखान्यात बाईला "तंबाखू खाता का" एवढेच विचारून थांबू नका. "मिश्री लावता का, मशेरी लावता का, तपकीर दातांना चोळता का" असे विचारा, हे डॉक्टरांनाही कळू द्या.

आणखी एक. त्याच अंकात पाचव्या पानावर पान मसाल्याची पाव पान जाहिरात आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपरीवर मसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी शेजारी-शेजारी लटकतात. गिऱ्हाईक दोन्ही घेऊन हातावर एकत्र करते. तंबाखू नसली तरी सुपारी निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. माझ्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा रोज या पुड्या खायचा. तिखटाने तोंड पोळते म्हणून तो डब्यातली भाजी बाजूला काढायचा, पुढे त्याचे तोंडही पुरते उघडेना. दुसऱ्या पानावर कर्करोगाचा लेख छापताना पाचव्या पानावर ही जाहिरात का घेतली, याचे उत्तर याच सदरात छापावे.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड