कमरेचा टेप अन् तुमचा तक्ता

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी नागपुरात महाल भागात शिलाईचं दुकान चालवतो, तीस वर्षं झाली. मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर उंची-वजनाचा तक्ता आला होता, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या वर गेला तर वजन जास्त, ३० च्या वर गेला तर लठ्ठपणा. साहेब, आपल्या लोकांसाठी हा आकडा कमी आहे न, २३ पासूनच वजन जास्त अन् २५ पासून लठ्ठपणा धरतात, २००९ मध्येच आपल्याकडच्या डॉक्टर लोकांनी तसं ठरवलं होतं. आता २४ वाला माणूस तुमचा तक्ता पाहून खुश होईल अन् तर्री पोह्याची दुसरी प्लेट मागवेल.

अन् बीएमआयचंही काय, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक अन् लंडनचे डॉ. युडकिन, या दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापला होता, दोघांचाही बीएमआय २२.३, सेम टू सेम, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के अन् याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघंही सडपातळ. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा मोठा सर्व्हे आला त्यातही तेच, बीएमआयने मोजले तर २८.६ टक्के लोक लठ्ठ अन् पोटाचा घेर मोजला तर ३९.५ टक्के. मधले सगळे काट्यावर पास होऊन जातात.

मला हे रोज दुकानात दिसते. गिऱ्हाईक म्हणते, मास्तर कंबर ३४ च टाका, कॉलेजपासून तीच आहे. खोटं नाही बोलत तो, पँट ३४ चीच बसते, कारण बेल्ट दरवर्षी थोडा थोडा खाली सरकून पोटाच्या बुडाशी गेलाय. तोच टेप बेंबीजवळून फिरवला की ३९ भरते, तेही भाऊ श्वास ओढून उभा असतो तेव्हा. डॉक्टरी माप शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड याच्या मधोमध घेतात, श्वास सोडून. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० सेंटिमीटर, म्हणजे आमच्या टेपवर साधारण साडेपस्तीस अन् साडेएकतीस इंच, त्याच्यावर गेलं की तब्येत तपासून घ्या. पुढच्या वेळी तक्ता छापाल तर हे माप अन् टेप कुठे धरायचा त्याचं चित्र छापा, एवढीच विनंती. समोसा-जिलेबीत तेल-साखर किती ते सांगणाऱ्या बोर्डावर तर आपल्या नागपुरात केवढा गाजावाजा झाला होता, टेपबद्दल कोणीच बोलत नाही.

अजून एक. २०२५ पासून वजन उतरवायच्या त्या आठवड्याच्या इंजेक्शनचं लईच ऐकू येऊन राहिलं. औषध खोटं नाही, त्यातल्या सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाच्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत चढलं, हे जाहिरात करणारा सांगत नाही. मागे एक गिऱ्हाईक सहा पँटी घेऊन आला, म्हणे मास्तर सगळ्या आत घ्या, इंजेक्शनने चार इंच गेले. पुढे किती दिवस घेणार विचारलं तर म्हणाला, झालं आता, पुढच्या महिन्यात बंद.

पँटी आत घेतल्या. कारागिराला म्हटलं मागचं कापड कापू नको, सगळं आत दाबून ठेव.

आपला,
एक टेलर मास्तर, महाल, नागपूर