परदेशातील फार्मसी परवाना: पाठांतराने न सुटणारी परीक्षा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विषय: परदेशात फार्मासिस्ट होण्यासंबंधी पुरवणीतील लेख

जागतिक औषधनिर्माता दिनानिमित्त, म्हणजे २५ सप्टेंबरच्या सुमारास, आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत बी. फार्म. झालेल्यांना परदेशात असलेल्या संधींवर एक लेख प्रसिद्ध झाला होता. मी मूळची सांगलीची असून २०१६ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आले आणि २०१९ मध्ये मला येथे फार्मासिस्ट म्हणून काम करण्याचा परवाना मिळाला, त्यामुळे हा लेख मी विशेष आस्थेने वाचला. लेखाचा सूर उमेद वाढवणारा आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्यातील दोन विधानांवर विसंबून एखाद्या कुटुंबाने शैक्षणिक कर्ज काढले किंवा शेताचा तुकडा विकला तर त्याचे नुकसान होईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिले विधान असे की, भारतातील कोणताही बी. फार्म. पदवीधर अमेरिकेतील समकक्षता परीक्षेला बसू शकतो. हे खरे नाही. परदेशात शिकलेल्या औषधनिर्मात्यांसाठीची एफपीजीईई ही परीक्षा तेथील राज्य मंडळांची राष्ट्रीय संघटना (एनएबीपी) घेते आणि तिचा नियम स्पष्ट आहे: १ जानेवारी २००३ रोजी किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्या उमेदवाराचा फार्मसीचा मूळ व्यावसायिक अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असला पाहिजे. आपली बी. फार्म. चार वर्षांची आहे. तिच्यावर दोन वर्षांचे एम. फार्म. केले तरी बेरीज सहा धरली जात नाही, कारण मोजला जातो तो परवान्यासाठीचा मूळ अभ्यासक्रम. भारतात २००८ पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम या अटीत बसतो. म्हणजेच अमेरिकेचा निर्णय बारावीनंतर प्रवेश घेतानाच करावा लागतो, पदवी हातात आल्यावर नव्हे. माझ्या ओळखीत अशी दोन मुले आहेत की ज्यांना ही अट शिकवणीचे पूर्ण शुल्क भरून झाल्यावर कळली.

इतर देशांचे नियम निरनिराळे आहेत. ऑस्ट्रेलियात पूर्वी केएपीएस नावाची ज्ञानचाचणी होती; २०२५ पासून तिच्या जागी ओपीआरए ही परीक्षा द्यावी लागते आणि त्यानंतर देखरेखीखालील सराव असतो. ब्रिटनमध्ये परदेशी औषधनिर्मात्यांसाठी आधी एक वर्षाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम करावा लागतो, मग प्रशिक्षण आणि मग नोंदणीची परीक्षा. आखाती देशांत कागदपत्रांची पडताळणी व संगणकावरील परीक्षा असते. या साऱ्यांना 'परदेश' या एकाच शब्दात गुंडाळणे हाच त्या लेखाचा मूळ दोष आहे.

दुसरे विधान अधिक त्रासदायक आहे, कारण ते धड खोटेही नाही: 'पाठांतर पक्के असेल तर परीक्षा अवघड नाही.' त्यासाठी मला कॅनडाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

कॅनडात चार वर्षांची बी. फार्म. चालते; महाराष्ट्रातील इतके विद्यार्थी इकडे वळतात त्याचे हे एक कारण आहे. दोन वर्षांच्या डी. फार्म. वर मात्र येथे फार्मासिस्ट होता येत नाही. प्रथम औषधनिर्मात्यांसाठीचा राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यायचा, मग पीईबीसी या परीक्षा मंडळाकडून कागदपत्रांचे मूल्यांकन करून घ्यायचे, मग मूल्यमापन परीक्षा, त्यानंतर पात्रता परीक्षेचे दोन भाग, शिवाय भाषेची परीक्षा, प्रांताच्या औषधकायद्याची परीक्षा आणि प्रत्यक्ष सराव, असा हा क्रम आहे. क्वेबेक प्रांताची व्यवस्था वेगळी व फ्रेंच भाषेतली आहे. प्रयत्नांची संख्या मर्यादित असते आणि प्रत्येक प्रयत्नाचे शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते. मूल्यमापन परीक्षा आणि पात्रता परीक्षेचा पहिला भाग बहुपर्यायी प्रश्नांचा असतो. तेथे आपले विद्यार्थी टिकतात, कारण घोकण्याची सवय आपल्याला शाळेपासून असते आणि औषधशास्त्राचा आपला पाया, कोणी काहीही म्हणो, कच्चा नाही.

तरीही तेथे एक बारीक काटा आहे, तो सांगते. भारतात रक्तातील साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, कॅनडात मिलिमोल प्रति लिटरमध्ये. आपल्याकडची उपाशीपोटी १२६ म्हणजे येथली ७, आपली १८० म्हणजे येथली १०; अठराने भागायचे. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आपल्याकडे १ असेल तर येथे ८८ च्या आसपास लिहिलेले असते. पॅरासिटामॉलला येथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. आपल्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळणारे निमेसुलाइड कॅनडात कधी मंजूरच झाले नाही. उलट व्यसनमुक्तीसाठी औषधनिर्मात्यासमोर रोज प्यायला दिले जाणारे मेथाडोन मी सांगलीत कधी पाहिले नव्हते, आणि येथील परीक्षेत त्यावर प्रश्न येतातच. ही सगळी माहिती पुस्तकातून मिळवता येते; त्यासाठी वर्षभर कष्ट पुरतात.

पाठांतर थिटे पडते ते पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या भागात. ती ठरावीक निकषांवर गुण देणारी प्रात्यक्षिक परीक्षा असते. एकामागून एक खोल्या असतात. प्रत्येक खोलीत रुग्णाची, त्याच्या नातेवाइकाची किंवा डॉक्टरची भूमिका करणारी प्रशिक्षित व्यक्ती बसलेली असते आणि परीक्षक गुण देत असतो. माझ्या वेळी एका खोलीसाठी सात मिनिटे होती. त्या वेळेत समोरच्याची अडचण ओळखायची, योग्य प्रश्न विचारायचे, निर्णय घ्यायचा आणि तो त्याला समजेल अशा शब्दांत सांगायचा.

ब्रॅम्प्टनमध्ये एका तळघरात आम्ही चौघे या भागाची तयारी करत असू: एक इजिप्तचा, एक फिलिपिन्सची, एक सुरतचा आणि मी. आळीपाळीने एकाने रुग्ण व्हायचे. पहिल्याच आठवड्यात माझा इजिप्शियन सहकारी सर्दीने नाक चोंदलेला रुग्ण होऊन आला. मी त्याला नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या सुचवल्या, किती व केव्हा घ्यायच्या ते बिनचूक सांगितले आणि दोन मिनिटांत मोकळी झाले. उरलेली पाच मिनिटे तो काही न बोलता बसून राहिला. वेळ संपल्यावर म्हणाला, "मला उच्च रक्तदाब आहे. तू विचारलेच नाहीस." त्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनने रक्तदाब वाढू शकतो हे मला झोपेतही सांगता आले असते. माहिती माझ्याजवळ होती, विचारण्याची सवय नव्हती. ज्या दुकानात मी पदवीनंतर तीन वर्षे काम केले, तेथे संध्याकाळी सहा ते नऊ काउंटरसमोर माणसांची भिंत उभी असे. तेथे आमचे समुपदेशन म्हणजे स्ट्रिप कापायची, पाकिटावर पेनाने रेघा मारायच्या आणि म्हणायचे, "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर."

याचा दोष मी त्या दुकानमालकाला देत नाही. तो आपल्या अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. फार्मसी कौन्सिलच्या बी. फार्म. अभ्यासक्रमात सेंद्रिय रसायनशास्त्राचे तीन आणि औषधी रसायनशास्त्राचे तीन असे सहा लेखी विषय आहेत. औद्योगिक औषधनिर्माणाचे दोन आहेत. आणि 'फार्मसी प्रॅक्टिस' या नावाचा लेखी विषय एक, तोही सातव्या सत्रात, जेव्हा निम्म्या वर्गाचे मन कंपनीतल्या नोकरीकडे लागलेले असते. औषध कारखान्यात कसे तयार होते हे आपण उत्तम शिकवतो. ते घेणाऱ्या माणसाशी कसे बोलावे हे मात्र ओघाने येईल असे गृहीत धरतो. परीक्षेच्या त्या खोलीत ते ओघाने येत नाही.

बोलण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न गोपनीयतेचा आहे. सरावाच्या एका प्रसंगात सोळा वर्षांच्या मुलीची आई येते आणि विचारते, "माझी मुलगी इथून कोणत्या गोळ्या नेते?" गोळ्या गर्भनिरोधक असतात. माझे सहज उत्तर काय असते ते सांगायला नको. आमच्या गल्लीत पुतण्याचे औषध आत्या न्यायची आणि शेजारणीला कोणते औषध चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचे. ओंटारिओच्या कायद्यात संमतीला किमान वयाची अट नाही. मुलीला समज असेल तर तिची माहिती तिच्या परवानगीशिवाय आईलाही सांगता येत नाही. आणि एवढे सांगून आईचा अपमान न होता तिला परत पाठवता आले पाहिजे. हे वाक्य इंग्रजीत जुळवायला मला तीन आठवडे लागले.

तसाच डॉक्टरांना फोन करण्याचा प्रसंग. चिठ्ठीतला डोस मूत्रपिंडाच्या क्षमतेच्या मानाने जास्त असेल तर नुसते "सर, एकदा बघता का?" म्हणून येथे गुण मिळत नाहीत, चूक कोणती आणि तिच्या जागी काय द्यावे हे औषधनिर्मात्याने सुचवायचे असते. "डॉक्टरांना उलट कसे विचारायचे?" हा संकोच माझ्या जिभेवरून निघायला औषधांची नावे पाठ होण्यापेक्षा जास्त काळ गेला. अल्बर्टा प्रांतात २००७ पासून औषधनिर्मात्यांना काही प्रमाणात औषध लिहून देण्याचे अधिकार आहेत. ओंटारिओत १ जानेवारी २०२३ पासून डोळे येणे, साधा मूत्रमार्गाचा संसर्ग, मूळव्याध अशा किरकोळ तक्रारींसाठी आम्ही स्वतः औषध लिहून देतो. ज्याला प्रश्न विचारण्याचा सराव नाही, त्याच्या हाती हा अधिकार देणे धोक्याचे आहे, हे आता मला परीक्षा मंडळाच्या बाजूनेही पटते.

खर्च आणि कालावधी यांविषयी थोडक्यातच लिहिते. मला पहिल्या अर्जापासून परवान्यापर्यंत तीन वर्षे लागली. त्यातले पाच महिने केवळ गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती विद्यापीठाकडून थेट येथे पोहोचण्यात गेले. उमेदवाराने स्वतः आणलेल्या प्रती चालत नाहीत, त्यामुळे विमानात बसण्यापूर्वीच हे काम मार्गी लावलेले बरे. मधल्या काळात मी फार्मसी असिस्टंट म्हणून तासाच्या पगारावर काम केले. घरच्यांना हे कळवायला मी वर्षभर टाळाटाळ केली, ती अनावश्यक होती. त्या काउंटरवर ऐकलेल्या संभाषणांनीच मला दुसऱ्या भागात तारले.

सांगलीत, लातुरात किंवा मालेगावात बसून तयारी करणाऱ्याला माझे सांगणे एवढेच आहे की, शिकवणीच्या हजारो प्रश्नांच्या संचापूर्वी त्याने जवळच्या मेडिकलच्या काउंटरवर उभे राहावे आणि येणाऱ्या माणसाला तीन गोष्टी विचाराव्यात: हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी सांगितले, ते कसे घ्यायला सांगितले आणि त्याने काय होईल असे सांगितले. मराठीतच विचारावे. रुग्ण गोंधळलेला असेल, घाईत असेल किंवा चिडलेला असेल. परीक्षेच्या खोलीतही तो तसाच असतो. आणि हे काही परदेशासाठीच करायचे असे नाही. भारतातील २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत रुग्णाचे समुपदेशन हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे कर्तव्य म्हणून आधीच नमूद आहे.

महाविद्यालयांनी अशा सरावाचे तास कसे घ्यावेत यावर जाणकार प्राध्यापकांनी आपल्या स्तंभात जरूर लिहावे. माझी विनंती त्याहून लहान आहे. पुढील प्रवेश फेरीपूर्वी आपण त्या लेखातील अमेरिकेविषयीच्या विधानाची दुरुस्ती, २००३ ची तारीख आणि पाच वर्षांची अट यांसह, पुरवणीच्या त्याच पानावर छापावी. माझे नाव प्रसिद्ध करू नये.

आपली,
एक वाचक
ब्रॅम्प्टन, ओंटारिओ (मूळ सांगली)