दिनविशेषात न मावणारे दशक

महोदय,

जून महिन्यातील दिनविशेषात सिकंदराच्या मृत्यूची एक ओळ अनेकदा वाचायला मिळते : इ. स. पू. ३२३, बॅबिलॉन, वय अवघे ३२ वर्षे. ओळीत चूक काहीच नाही. परंतु इ. स. पू. ३२९ ते ३२० या दशकात जी माणसे गेली, त्यांचे धागे एकमेकांत किती गुंतलेले होते, हे अशा सुट्या ओळींतून कळत नाही आणि सारे दशक एकट्या सिकंदराच्या नावावर जमा होते.

तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल आणि अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस हे दोघेही इ. स. पू. ३८४ मध्ये जन्मले आणि ३२२ मध्ये वारले. सिकंदर गेल्याचे कळताच अथेन्सने मॅसेडोनियाविरुद्ध उठाव केला. डेमॉस्थेनीसने आपली वाणी त्या उठावाच्या पाठीशी उभी केली, तर सिकंदराचा गुरू असलेल्या ॲरिस्टॉटलवर धर्मद्रोहाचा आरोप आला आणि तो यूबिया बेटावरील कॅल्किस येथे निघून गेला. तेथेच आजारपणात त्याचा अंत झाला. उठाव मोडल्यावर मॅसेडोनियाचा कारभारी अँटिपेटर याची माणसे डेमॉस्थेनीसच्या मागावर निघाली. कॅलॉरिया बेटावर पोसायडनच्या मंदिरात आश्रयाला गेलेल्या डेमॉस्थेनीसने घरच्यांना पत्र लिहायचे निमित्त सांगून बोरू दातांत धरला आणि त्यातले विष घेतले, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. ज्या अँटिपेटरने त्याच्यावर ही वेळ आणली, त्यालाच ॲरिस्टॉटलने आपल्या मृत्युपत्राचा प्रमुख विश्वस्त नेमले होते! ते मृत्युपत्र सुदैवाने टिकले आहे. आपली सेवा केलेल्या गुलाम मुलांपैकी कोणालाही विकू नये, दिवंगत पत्नी पिथियासच्या अस्थी तिच्याच इच्छेप्रमाणे आपल्यासोबत ठेवाव्यात, पत्नीनंतरची सहचरी हर्पिलिस हिला कॅल्किसमधले बागेलगतचे घर हवे की स्टॅगिरामधले वडिलोपार्जित, हे तिने ठरवावे, अशा तरतुदी त्यात आहेत. तर्कशास्त्राचा पाया घालणाऱ्या या माणसाची घरातल्या माणसांविषयीची काळजी इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

आपल्याला याहून जवळचा वाटावा असा मृत्यू तक्षशिलेच्या एका तपस्व्याचा आहे. ग्रीक त्याला कलनॉस म्हणत. दंडमिस नावाच्या तपस्व्याने सिकंदरासोबत जायला साफ नकार दिला. कलनॉस मात्र गेला. इराणात तो आजारी पडला, तेव्हा परावलंबी होऊन जगण्यापेक्षा चितेवर देह ठेवण्याचा त्याने हट्टच धरला. सिकंदराने नाइलाजाने संमती दिली आणि पुढे इजिप्तचा राजा झालेल्या टॉलेमीवर चिता रचण्याचे काम सोपवले. चालण्याचे त्राण न उरलेल्या कलनॉसला भारतीय पद्धतीने हार घालून पालखीतून नेण्यात आले. तो आपल्या भाषेत स्तोत्रे म्हणत होता आणि ज्वाळा लागल्यावरही जागचा हलला नाही, असे ग्रीक इतिहासकार एरियनने नमूद केले आहे. तत्कालीन भारतीय साहित्यात सिकंदराच्या स्वारीचाच उल्लेख नाही, तिथे कलनॉसचा कुठून असणार? तो आपल्याला ठाऊक आहे तो परक्यांच्या लेखणीमुळे.

समरकंद येथे सिकंदराच्याच भाल्याने मारला गेलेला त्याचा सेनानी क्लायटस आणि पुढल्याच वर्षी कटाच्या आरोपावरून जिवाला मुकलेला इतिहासकार कॅलिस्थेनीस हेही याच दशकातले. दंतकथा मात्र वेगळ्या ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे. ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनीस सिकंदराच्याच दिवशी वारला, किंवा कलनॉसने ‘आपण बॅबिलॉनला भेटू’ असे सांगून सिकंदराचे मरण वर्तवले, या गोष्टी मागाहून रचलेल्या वाटतात. त्यांच्यापेक्षा मला ब्रिटिश म्युझियममधील बॅबिलोनी खगोलनिरीक्षकांची मातीची पाटी अधिक मोलाची वाटते. ग्रहताऱ्यांच्या आणि हवामानाच्या नोंदी करता करता त्यांनी सिकंदर गेला त्या बॅबिलोनी महिन्याच्या २९ तारखेला ‘राजा वारला’ एवढेच लिहिले आणि पुढे आकाशातील ढगांची नोंद केली. राजाचे नावही त्या ओळीत नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, रविवार पुरवणीत महिन्यातून एकदा तरी प्राचीन जगाचे एक संपूर्ण दशक घ्यावे आणि त्यात गेलेल्या माणसांविषयी एकत्र लिहावे. पुढचे दशक म्हणून इ. स. पू. २१९ ते २१० घेता येईल : सिराक्यूज पडले तेव्हा रोमन सैनिकाच्या हातून मारला गेलेला आर्किमिडीज त्यातलाच आणि चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग हाही त्यातलाच.

आपला,
एक वाचक, पुणे