रँकचा बिल्ला आणि लपवलेला आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल आणि कॉम्प्युटरवरच्या शूटर, म्हणजे गोळीबाराच्या, गेमविषयी मराठी वर्तमानपत्रांत जे छापून येतं ते बहुधा व्यसन, बंदी किंवा पैसा या तीन अंगांनी. खेळणाऱ्या मुलामुलींचं रोजचं भांडण मात्र चौथ्याच गोष्टीशी असतं, ते म्हणजे लॉबीशी, एका मॅचसाठी जमवलेल्या खेळाडूंच्या गटाशी. समोर कोण येणार, आपल्या बाजूला कोण येणार आणि हरल्यावर किती पॉइंट मायनस होणार, हे ठरवणाऱ्या यंत्रणेशी. बीजीएमआय (पबजीची भारतीय आवृत्ती) असो, व्हॅलोरंट असो की काउंटर-स्ट्राइक, तक्रारी त्याच दोन. 'आम्हाला आमच्यापेक्षा भारी लोकांत टाकतात' ही एक आणि 'ओळीने जिंकायला लागलं की गेम मुद्दाम हरवतो' ही दुसरी. पहिली थोडीफार खरी असते, दुसरी बहुतेक वेळा नसते. या गोंगाटात खरा अन्याय मात्र झाकला जातो. खेळाडूला दिसणारा रँक आणि यंत्रणेनं त्याच्याबद्दल मोजलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांच्यातलं अंतर त्याला क्वचितच सांगितलं जातं.

या मोजणीचं मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे आर्पाड इलो यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघानं १९७० मध्ये स्वीकारली. दोघांचं गुणांकन सारखं असेल तर दोघांकडून निम्म्या-निम्म्या यशाची अपेक्षा. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून सुमारे ७६ टक्के, ४०० चा असेल तर ९१ टक्के. एका डावात जास्तीत जास्त ३२ गुण हलतात असं धरलं, तर २०० नी वर असलेला खेळाडू जिंकल्यावर जेमतेम ८ गुण कमावतो आणि हरल्यावर २४ गमावतो. 'जिंकलो तर प्लस १२, हरलो तर मायनस २५, ही लूट आहे' असं म्हणणाऱ्याच्या बाबतीत साधारण हेच चाललेलं असतं. व्हॅलोरंटमध्ये असं सतत होऊ लागलं तर त्याचा अर्थ असा, की दिसणारा रँक लपलेल्या आकड्याच्या पुढे गेला आहे आणि यंत्रणा तो हळूहळू मागे ओढते आहे. उलट लपलेला आकडा वर असेल तर प्रत्येक विजयाला जास्त प्लस मिळतं. गणित म्हणून यात गैर काही नाही. पण तो आकडाच खेळाडूला दिसत नाही, त्यामुळे त्याला फक्त कापलेले पॉइंट दिसतात.

बुद्धिबळात एकास एक लढत असते. शूटरमध्ये संघ असतो आणि तिथून गुंता सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी 'ट्रूस्किल' ही पद्धत बनवली. त्यात प्रत्येकाच्या नावावर दोन आकडे असतात: कौशल्याचा अंदाज आणि त्या अंदाजाबद्दलची शंका. नव्या खेळाडूचा अंदाज २५ आणि शंका ८.३३. क्रमवारीसाठी अंदाजातून शंकेची तिप्पट वजा करतात, म्हणजे नवा माणूस शून्यावर सुरू होतो आणि खेळत जाईल तशी शंका कमी होत वर येतो. याच संशोधकांचा हिशोब असा, की एकास एक लढतीत खेळाडूची पातळी नीट ओळखायला किमान १२ मॅच लागतात, चार विरुद्ध चारमध्ये ४६ आणि आठ विरुद्ध आठमध्ये ९१. कारण उघड आहे. आठ जणांच्या संघाचा विजय कुणामुळे झाला हे एका निकालातून कळत नाही. मग सीझनच्या सुरुवातीच्या, रँक ठरवण्यासाठी खेळवलेल्या पाच-दहा प्लेसमेंट मॅचमधून, केवळ हार-जीत बघून, अचूक रँक कसा निघेल? निघत नाहीच. म्हणून अनेक कंपन्या किल (किती जणांना मारलं), डेथ (किती वेळा मेला), अर्धवट सोडलेल्या मॅच हेही मोजतात. २०१८ मध्ये आलेल्या ट्रूस्किल-२ नं नेमकं हेच केलं आणि 'हेलो ५' या शूटरच्या मॅचमध्ये विजेता ओळखण्याची अचूकता ५२ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेली.

त्याची किंमतही आहे. किल मोजले की स्मोक (धुराचा पडदा) टाकणारा, पडलेल्या साथीदाराला रिव्हाइव्ह करणारा म्हणजे पुन्हा उभं करणारा, कोपरा धरून बसणारा खेळाडू कागदावर कच्चा दिसतो. शिवाय एकाचा किल म्हणजे दुसऱ्याची डेथ असते, त्यामुळे संपूर्ण सर्व्हरचं किल-डेथ प्रमाण मिळून १ च्या वर जाऊच शकत नाही. सगळेच चांगले खेळू लागले तरी आकडा तिथेच राहणार.

आता 'गेम मुद्दाम हरवतो' या समजाबद्दल. यंत्रणा अगदी निर्दोष आहे आणि प्रत्येक मॅच नाणेफेकीसारखी पन्नास-पन्नास आहे असं धरा. तरीही १०० मॅचमध्ये कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के असते. सलग सहाची ५५ टक्के, सलग सातची ३२ टक्के. म्हणजे महिन्याला शंभर मॅच खेळणाऱ्या दर पाचपैकी चार जणांना सलग पाच हारी बघाव्याच लागणार, कुणीही कळ न दाबता. त्यातच सलग हरल्यावर माणूस चिडून घाई करतो आणि सहावी मॅच स्वतःच्याच चुकीनं घालवतो. तिसऱ्या पराभवानंतर अर्धा तास फोन खाली ठेवणं हा यावरचा खरा उपाय आहे.

तरीही हा संशय निव्वळ वेडेपणा आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्याला खतपाणी कंपन्यांनीच घातलं आहे. २०१७ मध्ये कॉल ऑफ ड्यूटी हा शूटर काढणाऱ्या ॲक्टिव्हिजनला एक पेटंट मिळालं. खेळाडूला गेममधल्या वस्तू विकत घ्याव्याशा वाटतील अशा पद्धतीनं त्याची जोडी कुणाशी लावावी, याचं वर्णन त्यात होतं. हे कोणत्याही गेममध्ये वापरलेलं नाही, असा खुलासा कंपनीनं केला. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्या गेम कंपनीच्या संशोधकांचा एक शोधनिबंध आला. मॅच समतोल करण्याऐवजी खेळाडू गेम सोडून जाणार नाही अशी जोडी लावावी, ही त्यातली कल्पना. वापर झाला असो वा नसो, असा विचार कागदावर आलेला एकदा दिसला की पाचव्या पराभवाला चिडलेल्या मुलाला नाणेफेकीचं गणित पटवून देणं अवघड होतं.

कौशल्यानुसार जोड्या लावूच नयेत, ज्याला जो मिळेल त्याच्याशी खेळू द्यावं, अशी मागणी यूट्यूबवरचे नावाजलेले खेळाडू वर्षानुवर्षं करत आले आहेत. ती कुणाच्या फायद्याची आहे ते नीट बघायला हवं. ॲक्टिव्हिजननं कॉल ऑफ ड्यूटीवर याच दिशेचा प्रयोग केला आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. कौशल्याचं वजन कमी केल्यावर ९० टक्के खेळाडूंचं गेमकडे परत येणं घटलं, एकतर्फी मॅच वाढल्या, मध्येच सोडून जाणारे वाढले. फायदा झाला तो वरच्या दहा टक्क्यांचा. खालचा थर निघून गेला की त्याच्या वरचा थर तळाशी येतो, मग तोही जातो. अभ्यास कंपनीचा स्वतःचा आहे हे ध्यानात ठेवूनही मला तो पटतो, कारण दुबळ्याला रोज हरवण्यात मजा असते ती हरवणाऱ्यालाच. नवख्या मुलाला त्याच्याच पातळीची मुलं मिळणं यात काहीच अन्याय नाही.

खरी गडबड रँकच्या बिल्ल्यात आहे. बीजीएमआयमध्ये ब्राँझपासून वर प्लॅटिनम, क्राउन, एस आणि शेवटी सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांचा कॉन्करर अशी शिडी आहे. खालच्या पायऱ्यांवर प्लस मोठं आणि मायनस छोटं असतं, समोर बॉटही, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो असे खेळाडूही, येतात. बॉट काही लपूनछपून आलेले नाहीत. फोर्टनाइटनं २०१९ मध्ये आणि मूळ पबजीनं २०२० मध्ये ते उघडपणे आणले, नवख्यांनी पहिल्याच आठवड्यात पळून जाऊ नये म्हणून. पण अशा रचनेत रोज चार तास रँक पुश करणारा मध्यम खेळाडू क्राउनला पोचतो आणि आठवड्यातून दोनदा खेळणारा तरबेज खेळाडू प्लॅटिनमलाच राहतो. बिल्ला कौशल्याइतकाच वेळही मोजतो. शिवाय पॉइंट मुख्यतः किती वेळ टिकलात यावर मिळत असतील तर गवतात किंवा घरात लपून राहणं हाच शहाणपणा ठरतो. एपेक्स लेजंड्स या शूटरनं मे २०२३ च्या सतराव्या सीझनमध्ये अशीच पद्धत आणली तेव्हा मास्टर या वरच्या टिअरमध्ये (पायरीवर) इतकी गर्दी झाली की त्या बिल्ल्याला अर्थच उरला नाही आणि कंपनीला नियम बदलावे लागले.

पिंगबद्दल (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेबद्दल) आपल्याकडच्या खेळाडूंनी एक हिशोब लक्षात ठेवावा. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा. केबलची वळणं आणि मधले राउटर धरून प्रत्यक्षात साठच्या वरच दिसतात. नागपूरहून मुंबईच्या सर्व्हरला हीच मर्यादा सातच मिलिसेकंदांची. सेकंदाला ६४ वेळा हिशोब करणाऱ्या सर्व्हरचा एक ठोका १५.६ मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा सिंगापूरला गेलेला खेळाडू तीन-चार ठोके मागे असतो. रात्री दोनला मुंबई सर्व्हरवर माणसं कमी होतात. अशा वेळी मॅचमेकिंग (जोड्या लावणारं सॉफ्टवेअर) आधी जवळच्या रँकचे शोधतं, मग दर काही सेकंदांनी रँकची मर्यादा सैल करतं, मग पिंगची. वर गेलेल्या खेळाडूंना विषम लॉबी मिळते ती बहुधा याच कारणानं, कारण त्यांच्या पातळीची माणसं मुळातच मोजकी असतात. 'भारी लोकांत टाकतात' ही तक्रार खरी ठरते ती इथे. तिच्यावर उपाय साधा आहे: संध्याकाळी सात ते अकरामध्ये खेळा आणि सर्व्हर हातानं निवडता येत असेल तर निवडा. पिंग ३० दाखवत असूनही गोळ्या लागत नसतील तर दोष बहुधा पिंग सतत वरखाली होण्याचा असतो. एकाच वायफायवर घरातले तिघे व्हिडिओ बघत असतील तर कोणतीही यंत्रणा न्याय देऊ शकत नाही.

संघाची सरासरी काढण्यातही खोट राहते. एका संघात १५०० गुणांकनाचे चौघे आणि दुसऱ्यात १९०० चे दोन अधिक ११०० चे दोन, सरासरी एकच, पण मॅच एक नाही. दुसऱ्या संघातले ११०० चे दोघे पहिल्या दोन मिनिटांत पडतात आणि उरलेली मॅच दोन विरुद्ध चार होते. नव्या अकाउंटवरून उतरणारे मुरलेले खेळाडू, ज्यांना स्मर्फ म्हणतात, हाच खड्डा मुद्दाम खणतात. नव्या अकाउंटबद्दल यंत्रणेची शंका मोठी असते, म्हणून सुरुवातीच्या विजयांना मोठ्या उड्या दिल्या तर स्मर्फ दहा-पंधरा मॅचमध्ये आपल्या जागी पोचतो. उड्या लहान ठेवल्या तर तो महिनाभर नवख्यांना झोडपत राहतो. चीट वापरणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे, त्याला मॅचमेकिंग जबाबदार नाही.

मग मागायचं काय? ओव्हरवॉच २ या शूटरनं फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक स्पर्धात्मक मॅचनंतर रँक किती टक्के हलला आणि का हलला, याची कारणं दाखवायला सुरुवात केली: अपेक्षेविरुद्ध जिंकलात, समोरचा संघ वरचढ होता, तुमचा अंदाज अजून पक्का झालेला नाही. त्यामुळे कुणाचं गुपित फुटलं नाही की गेम बंद पडला नाही. हीच अपेक्षा भारतात चालणाऱ्या प्रत्येक रँक्ड शूटरकडून ठेवायला हवी. मॅच संपल्यावर दोन्ही संघांची अपेक्षित शक्यता, लॉबीतल्या बॉटची संख्या, समोरच्या संघात आधीपासून एकत्र आलेले किती होते, आणि लपलेला आकडा बिल्ल्याच्या वर आहे की खाली, एवढं कळलं तरी पुरे. सगळं आधी दाखवावं असं मी म्हणत नाही. शक्यता ३० टक्के आहे हे आधीच कळलं तर लोक लॉबीतूनच निघून जातील.

याची गरज आता वाढली आहे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळं स्थान दिलं, आणि निकाल शारीरिक चपळाई, मानसिक तत्परता, डावपेच अशा कौशल्यांवरच ठरावा ही त्याची अट आहे. कायद्याचा आधारच कौशल्य असेल तर ते मोजलं कसं जातं हे गुप्त राहून चालणार नाही. महाविद्यालयांच्या स्पर्धांतही संघ निवडताना बिल्ला बघण्याची सवय सोडावी. चार दिवसांत कस्टम रूममध्ये (आयोजकांनी उघडलेल्या खासगी लॉबीत) सहा मॅच घ्याव्यात, ठरलेल्या नकाशांवर, सगळे फोनवर, एमुलेटर (फोनचा गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) नको. पहिल्या आठ क्रमांकांना १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक किलला एक गुण ही स्पर्धांमधली रूढ पद्धत वापरावी. सहा मॅचमधूनही अचूक क्रम लागणार नाही, पण कोण चार तास रिकामा होता एवढ्यावर तरी संघ ठरणार नाही.

आणि आपल्या पानावर एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा 'कॉन्करर' म्हणून फोटो छापताना तो सोलोमधला (एकट्यानं खेळून) की स्क्वॉडमधला (संघातून खेळून), कोणत्या सीझनमधला आणि किती मॅचनंतर मिळाला, हे सोबत छापावं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे